चाकोरीचा हक्क : कॉव्हेंट्री परिसरातील ग्रामीण ट्रकप्रेमी, त्यांच्या गाड्या आणि त्यांच्या हिरव्या वाटा

कॉव्हेंट्री : मराठीत ‘ट्रक’ म्हटले की दहा चाकांची, मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ रंगवलेली मालगाडी डोळ्यांसमोर येते. इंग्लंडच्या मध्य भागात तिला ‘लॉरी’ म्हणतात. कॉव्हेंट्रीभोवतीच्या वॉरिकशायरमधले हौशी लोक ज्या अर्थाने ‘ट्रक’ हा शब्द वापरतात, तो सैल आहे. शेतकऱ्याचा पिकअप, जुनी लँड रोव्हर, लष्कराने मोडीत काढलेली सहाचाकी, चारही चाकांना शक्ती मिळणारी कोणतीही दणकट गाडी या शब्दात सामावते. अशा गाड्या बाळगणाऱ्यांची मंडळे ब्रिटनमध्ये अनेक दशकांपासून आहेत आणि त्यांची स्वतःची अशी एक रीतभात आहे. नवा सभासद आपले नाव सांगतो न सांगतो तोच गाडीचा परिचय सुरू होतो : मालिका कोणती, साल कोणते, दोन आसांमधले अंतर किती इंच, इंजिन मूळचे की बदललेले, चासी कितव्यांदा जोडलेली. वधूवर मेळाव्यात कुळ आणि गोत्र सांगावे, तसा हा प्रकार असतो. त्यानंतर क्रम येतो छंदांचा. कुणी मासे पकडतो, कुणी शिकारी कुत्री पाळतो, कुणी जुन्या ट्रॅक्टरने नांगरटीच्या स्पर्धेत उतरतो, कुणी गाडीच्या टपावर तंबू ठोकून शनिवारची रात्र काढतो.

बाहेरून पाहणाऱ्याला हा चिखलात लोळण्याचा पोरखेळ वाटतो. प्रत्यक्षात या छंदाचे भवितव्य ठरते ते अभिलेखागारात, जुन्या नकाशांवर आणि न्यायालयात. गाडी कितीही बळकट असली, तरी तिला जाण्यासाठी कायदेशीर वाट लागते. आणि ती वाट कुणाची, हा प्रश्न इंग्लंडमध्ये जितका जुना आहे तितकाच तो महाराष्ट्राच्या गावशिवारातही आहे.

युद्धानंतरचे कॉव्हेंट्री : ट्रॅक्टर आणि लँड रोव्हर

या गाड्यांचा वंशवृक्ष शोधू लागले, तर त्याची दोन मोठी मुळे कॉव्हेंट्रीतच सापडतात. पहिले आहे ट्रॅक्टरचे. शहराच्या पश्चिमेला बॅनर लेन येथे दुसऱ्या महायुद्धात विमानांची इंजिने बनवणारा सरकारी कारखाना होता. युद्ध संपल्यावर स्टँडर्ड मोटर कंपनीने तेथे हॅरी फर्ग्युसन यांचा टीई-२० हा छोटा करडा ट्रॅक्टर बनवायला घेतला. १९४६ ते १९५६ या दहा वर्षांत पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर त्या एका आवारातून बाहेर पडले. औजार तीन बिंदूंवर अडकवून हायड्रॉलिक शक्तीने उचलण्या-दाबण्याची फर्ग्युसनची पद्धत आज जगभरच्या ट्रॅक्टरांना असते. आपल्याकडे शेतकरी ज्याला नुसते ‘मॅसी’ म्हणतो, त्या चेन्नईच्या ‘टॅफे’ कंपनीच्या ट्रॅक्टरांचे घराणे हेच. एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचले, ते फर्ग्युसन ट्रॅक्टरांना पट्टे बसवूनच. बॅनर लेनचा कारखाना आता उरलेला नाही, तेथे घरे उभी आहेत. करड्या फर्ग्युसन मात्र जत्रांतून, धर्मादाय निधीसाठीच्या ट्रॅक्टर फेऱ्यांतून अजून धावताना दिसतात.

दुसरे मूळ रोव्हर कंपनीचे. जॉन केम्प स्टार्ली यांनी १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीत ‘रोव्हर’ ही सायकल आणली. दोन सारख्या आकाराची चाके आणि मागच्या चाकाला साखळी, ही आजच्या सायकलची ठेवण तेथून रूढ झाली. पुढे कंपनी मोटारींकडे वळली. १४ नोव्हेंबर १९४० च्या बाँबवर्षावाने कॉव्हेंट्री उद्ध्वस्त झाले. युद्धानंतर रोव्हरने आपले मोटार-उत्पादन जवळच्या सॉलिहल येथे नेले. त्या काळी पोलादाचे रेशनिंग होते आणि ज्याचा माल निर्यात होईल त्यालाच पोलाद मिळे. कंपनीचे मुख्य अभियंता मॉरिस विल्क्स यांच्या अँगलसी बेटावरील शेतावर युद्धातून उरलेली एक अमेरिकी जीप होती. ती मोडली तर दुसरी कुठून आणायची, या घरगुती अडचणीतून शेतकऱ्यासाठी स्वतःच अशी गाडी बनवण्याची कल्पना पुढे आली. १९४७ मध्ये जीपच्याच चासीवर पहिला नमुना तयार झाला. त्याचे स्टिअरिंग ट्रॅक्टरसारखे मधोमध होते. ३० एप्रिल १९४८ रोजी अ‍ॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात लँड रोव्हर लोकांसमोर आली. अंगावरचा पत्रा बर्मब्राइट या अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, दोन आसांमधले अंतर ८० इंच, आणि इंजिनच्या शक्तीवर कडबाकुट्टी किंवा करवत फिरवता येईल अशी सोय. पोलाद टाळण्यासाठी निवडलेला हा पत्रा गंजत नाही, म्हणून पंचाहत्तर वर्षांनंतरही त्या गाड्या चालतात. टंचाईने दिलेले हे दीर्घायुष्य आहे.

कॉव्हेंट्रीच्याच अल्विस कंपनीने लष्करासाठी ‘स्टॉलवर्ट’ ही सहा चाकांची, पाण्यातही तरंगणारी मालगाडी बनवली. ती पाळणारे हौशी आजही आहेत. पण हत्ती पाळण्यासारखेच ते काम, त्यामुळे त्यांची संख्या मर्यादितच राहणार.

गाडी ओळखायची कशी

जुन्या लँड रोव्हरची पहिली मालिका १९४८ ते १९५८, दुसरी १९५८ पासून, तिसरी १९७१ ते १९८५. मालिकांच्या गाड्यांना पानपट्ट्यांची सस्पेन्शन, म्हणजे आपल्या मालट्रकला असतात तसे पाटे. १९८३ पासून स्प्रिंगवर चालणारी नवी पिढी आली आणि तिलाच १९९० मध्ये ‘डिफेंडर’ हे नाव मिळाले. २९ जानेवारी २०१६ रोजी सॉलिहलमध्ये शेवटची जुनी डिफेंडर बाहेर पडली. त्याच नावाची आजची गाडी स्लोव्हाकियात बनते. मंडळांमधल्या जुन्याजाणत्यांना तिचे कौतुक आहे, पण आपलेपणा बेताचाच.

पत्रा गंजत नसला, तरी खालची चासी पोलादाची. इंग्लंडमधला पाऊस आणि हिवाळ्यात रस्त्यांवर टाकले जाणारे मीठ तिला पोखरतात. म्हणून गाडी विकत घेताना जाणकार बॉनेट उघडण्याआधी खाली झोपून हातोडीने चासी वाजवून पाहतो. जस्ताचा मुलामा दिलेली नवी चासी बसवून घेणे हा या छंदातला ठरलेला मोठा खर्च. चाळीस वर्षांहून जुन्या आणि मूलतः न बदललेल्या गाडीला वार्षिक तांत्रिक तपासणी आणि रस्ताकर यांतून सूट मिळू शकते, त्यामुळे जुन्या मालिकांचे आकर्षण वाढले आहे. नव्या पिकअपचे अर्थकारण मात्र उलट्या दिशेने गेले. दुहेरी केबिनच्या पिकअपला मालवाहू वाहन म्हणून मिळणारी कर-सवलत एप्रिल २०२५ पासून आटली. कंपनीकडून मिळालेली अशी गाडी आता करासाठी मोटारच समजली जाते.

हिरवी वाट

‘ग्रीन लेन’ हा शब्द कोणत्याही कायद्यात नाही. दोन्ही बाजूंना झुडपी कुंपण, मधे गवत आणि गवतात दोन चाकोऱ्या, अशा डांबर न पडलेल्या वाटेचे ते बोलीतले नाव आहे. मराठीत याला अचूक शब्द आहे : पाणंद.

कॉव्हेंट्रीहून अशा वाटांचा इतिहास समजून घ्यायला फार दूर जावे लागत नाही. शहराच्या पूर्वेला फॉस वे हा रोमन काळातला रस्ता जातो. लिंकनपासून एक्सेटरपर्यंत तो जवळजवळ सरळ रेषेत आखलेला आहे. वॉरिकशायरमध्ये त्यावर डांबर आहे आणि मोटारी सुसाट धावतात. तोच रस्ता सायरन्सेस्टर ओलांडून नैर्ऋत्येला ग्लॉस्टरशायर आणि विल्टशायरच्या सीमेवर पोहोचला की कित्येक मैल कच्चा होतो, दगडमातीचा, दुतर्फा झाडीचा. एकाच रस्त्याचा एक तुकडा काळाबरोबर गेला आणि एक मागे राहिला. ट्रकप्रेमींना जे हवे असते, ते हे मागे राहिलेले तुकडे.

त्यांवर मोटार नेण्याचा हक्क आहे की नाही, हे वाट पाहून कळत नाही. १९४९ च्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समधल्या कौंटी प्रशासनांवर सार्वजनिक वाटांचा अधिकृत हक्कनकाशा तयार करण्याची जबाबदारी टाकली. त्यात आज चार प्रकार आहेत. पायवाट फक्त चालणाऱ्यांसाठी. ब्रायडलवे ही घोडेस्वार आणि सायकलस्वारांनाही खुली. ‘रिस्ट्रिक्टेड बायवे’वर त्यांच्याबरोबर घोडागाडीही जाऊ शकते, मोटार नाही, म्हणजे बैलगाडी आणली तर चालेल, लँड रोव्हर आणली तर गुन्हा. आणि चौथा प्रकार ‘बायवे ओपन टू ऑल ट्रॅफिक’, म्हणजे सर्व वाहतुकीला खुली वाट. याखेरीज कौंटीच्या रस्तेयादीत असलेले काही डांबर नसलेले, वर्गीकरण न झालेले रस्ते उरतात, आणि त्यांवरचे हक्क प्रत्येक ठिकाणी तपासून पाहावे लागतात. हक्क नसलेल्या वाटेवर मोटार नेणे हा १९८८ च्या रोड ट्रॅफिक अ‍ॅक्टच्या कलम ३४ खाली गुन्हा ठरतो.

२ मे २००६

इंग्लंडच्या कायद्यात एक जुने तत्त्व आहे : जो रस्ता एकदा सार्वजनिक झाला, तो रीतसर बंद केल्याखेरीज सार्वजनिकच राहतो, कुणी वापरला नाही म्हणून हक्क बुडत नाही. या तत्त्वाच्या आधारे कित्येक वर्षे हौशी मंडळी अभिलेखागारांत बसून एकोणिसाव्या शतकातले जमीन-वाटपाचे निवाडे, दशांश-कराचे नकाशे, टोलची कागदपत्रे धुंडाळत. एखाद्या वाटेवरून पूर्वी घोडागाड्या सार्वजनिकरीत्या जात होत्या असे सिद्ध झाले, की आज त्या वाटेवर मोटारही जाऊ शकते असे मानले जाई. मोटार ही गाडीच, असा हा तर्क.

शेतकरी, घोडेस्वार आणि पदभ्रमण करणाऱ्यांच्या संघटनांना हा तर्क मान्य नव्हता. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या छकड्याच्या चाकोरीतून दोन टनांची यंत्रे कशी काय हक्क सांगतात, हा त्यांचा सवाल होता आणि तो अडाणीपणाचा नव्हता. संसदेने ‘नॅचरल एन्व्हायर्न्मेंट अँड रूरल कम्युनिटीज अ‍ॅक्ट’ संमत केला. त्याचे कलम ६७ इंग्लंडमध्ये २ मे २००६ रोजी अमलात आले आणि हक्कनकाशावर सर्व वाहतुकीसाठी म्हणून नोंद नसलेल्या वाटांवरचे मोटारींचे हक्क, काही अपवाद सोडून, एका दिवसात संपुष्टात आले.

अपवादांपैकी एक महत्त्वाचा होता. २० जानेवारी २००५ पूर्वी हक्कनोंदीसाठी रीतसर अर्ज केलेला असेल, तर तो दावा जिवंत राही. मग ‘रीतसर’ या शब्दावर लढाई सुरू झाली. अर्जाबरोबर किमान १:२५,००० प्रमाणाचा नकाशा हवा, असा नियम. डॉर्सेट कौंटीतल्या पाच वाटांसाठी ‘ट्रेल रायडर्स फेलोशिप’ या मोटारसायकलस्वारांच्या संघटनेशी संबंधित अर्जांना जोडलेले नकाशे संगणकावर १:५०,००० च्या मूळ नकाशावरून मोठे करून छापलेले होते. मोठा केलेला नकाशा त्या प्रमाणावर ‘काढलेला’ मानायचा का? हा प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मार्च २०१५ मध्ये तीन विरुद्ध दोन अशा मतांनी न्यायालयाने नकाशे ग्राह्य धरले. पाच वाटांचे भवितव्य छायाप्रतीच्या आकारावर टांगलेले होते! आपल्याकडे तलाठ्याच्या नोंदीतल्या एका फेरफारावर पिढ्यानपिढ्या भांडणे चालतात, त्यांची आठवण यावी असे हे प्रकरण.

चिखल, घोडे आणि शेजारी

नोंद असलेली वाटही कायम खुली असतेच असे नाही. स्थानिक प्रशासन वाहतूक-नियमनाचा आदेश काढून ती मोटारींना पूर्णपणे किंवा ठरावीक महिने बंद करू शकते. रिजवे या प्राचीन वाटेचे काही भाग हिवाळी महिन्यांत मोटारींना बंद असतात. राष्ट्रीय उद्यानांनाही २००६ च्या कायद्याने असे आदेश काढण्याचा अधिकार दिला. पीक डिस्ट्रिक्टमध्ये तो अनेकदा वापरला गेला आहे. ओल्या मातीवर चारही चाके फिरवणारी गाडी किती खोल चर पाडते आणि त्या चरांतून पुढचा पावसाळा माती कशी वाहून नेतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला या बंदीमागचे कारण समजावून सांगावे लागत नाही.

जबाबदार मंडळे हे ओळखून आहेत. ‘ग्रीन लेन असोसिएशन’सारख्या संघटना पाळायला सांगतात ती आचारसंहिता साधी आहे : एका तुकडीत चारहून अधिक गाड्या नकोत; वेग ताशी १२ मैलांच्या आत; घोडा दिसला की थांबून इंजिन बंद; फाटक जसे आढळले तसेच सोडायचे; चाकोरी सोडून कडेच्या गवतावर चढायचे नाही; मुसळधार पावसानंतर घरी बसायचे. यातले शेवटचे कलम सर्वांत अवघड, कारण ज्याने विंच आणि स्नॉर्केलवर पैसे ओतले आहेत त्याला पाऊस हेच निमंत्रण वाटते. माझ्या मते या छंदाचे खरे नुकसान त्याच्या विरोधकांपेक्षा अशा अनोंदणीकृत, रात्री-अपरात्री येणाऱ्या टोळक्यांनी अधिक केले आहे. २००२ च्या पोलीस रिफॉर्म अ‍ॅक्टच्या कलम ५९ नुसार, इतरांना उपद्रव होईल अशी बेपर्वा गाडी चालवणाऱ्याचे वाहन पोलीस जप्त करू शकतात.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. बायवेवर पडलेले झाड कापणे, बेकायदा टाकलेला कचरा उचलणे, गटारे मोकळी करणे ही कामे प्रशासनाबरोबर हीच मंडळी रविवारी करतात. चालण्याची क्षमता गमावलेल्या माणसाला डोंगरमाथ्यावर नेणारी वाट बहुधा हीच असते, हा त्यांचा युक्तिवाद सहज बाजूला सारता येत नाही.

ज्यांना हा वाद नको, ते खासगी जमिनीवर जातात. जुन्या दगडखाणींत किंवा जंगलात दिवसाचे पैसे भरून गाडी चालवता येते. मंडळांच्या ‘ट्रायल’ स्पर्धाही खासगी जमिनीवरच होतात. बांबूच्या काठ्यांच्या जोड्यांमधून, उतारावर आणि पाण्यातून, न थांबता आणि काठीला न शिवता गाडी न्यायची. जितक्या जोड्या चुकतील तितके गुण अंगावर पडतात आणि सर्वांत कमी गुणांचा जिंकतो. वेगाला येथे मोल नाही. पहिल्या गिअरमध्ये, मुंगीच्या चालीने जाणारी सत्तर वर्षांची म्हातारी गाडी नव्या कोऱ्या गाडीला हरवते, ते याच खेळात.

पुण्याचे अभियंते आणि गावची पाणंद

मराठी वाचकाला हा विषय परका वाटू नये, याचे पहिले कारण उघड आहे. जून २००८ मध्ये टाटा मोटर्सने जॅग्वार आणि लँड रोव्हर विकत घेतल्या. कंपनीचे मुख्यालय कॉव्हेंट्रीतल्या व्हिटली भागात आहे. पिंपरी-चिंचवडहून येथे येणाऱ्या अभियंत्यांमुळे शहरातल्या गणेशोत्सवात सस्पेन्शन आणि डिफरन्शियलवरच्या चर्चा कानी पडतात. ज्यांचे बालपण सुमंत मूळगावकरांच्या नावावरून बेतलेल्या ‘सुमो’च्या मागच्या आडव्या बाकावर गेले, त्यांना डिफेंडरच्या मागच्या बाकाचे नवल वाटत नाही. युद्धातून उरलेल्या जीपने जसा विल्क्स यांना लँड रोव्हरचा मार्ग दाखवला, तसाच तिने महिंद्रांनाही व्यवसाय दिला. १९४७ पासून मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू झाली आणि त्याच घराण्यातली ‘कमांडर’ पश्चिम महाराष्ट्रात वडाप म्हणून माणसे, शेळ्या आणि दुधाचे कॅन वाहू लागली. आज ‘थार’ घेऊन सह्याद्रीत जाणारी तरुण पिढी त्या वंशातलीच.

दुसरे कारण अधिक खोल आहे. गावनकाशावर गाडीमार्ग दोन तुटक रेषांनी आणि पायमार्ग एका तुटक रेषेने दाखवतात. मुंबई इलाख्यातल्या मोजणीची साखळी ३३ फुटांची. तिच्याच चौरसाला आपण गुंठा म्हणतो आणि गावरस्त्याची रुंदीही त्याच मापावरून आली. बांध सरकत गेले, पाणंद चिंचोळी झाली, कुठे नांगरली गेली. बैलगाडी होती तोवर निभावले. ट्रॅक्टर आणि ऊसवाहतुकीची ट्रॉली आली तेव्हा वाट नाही हे लक्षात आले. अडवलेली वहिवाट मोकळी करून घेण्यासाठी १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम आहे, पण अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाद मागावी लागते. बांधावरून वाट मिळवायची, तर १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे अर्ज करतात. २०२१ मध्ये शासनाने पाणंद रस्त्यांसाठी ‘मातोश्री’ योजना आणली.

इंग्लंडमध्ये वाट राखण्यासाठी झटतो तो हौशी माणूस, आपल्याकडे शेतकरी; त्याच्या दृष्टीने हा रविवारचा प्रश्न नाही, ऊस वेळेत कारखान्यावर पोहोचण्याचा आहे. कागद मात्र दोघांनाही सारखाच लागतो, आणि दोन्हीकडे नोंद न केलेली वाट आधी जाते.

जाण्यापूर्वी

कॉव्हेंट्री परिसरातून प्रथमच हिरव्या वाटेवर जाऊ इच्छिणाऱ्याने ऑर्डनन्स सर्व्हेच्या नकाशावर अधिक-चिन्हांची रांग शोधावी. सर्व वाहतुकीला खुल्या वाटेची ती खूण आहे. नकाशा जुना असू शकतो, म्हणून संबंधित कौंटीच्या संकेतस्थळावरचा हक्कनकाशा आणि लागू असलेले बंदी-आदेश पाहावेत. कॉव्हेंट्री शहर आणि वॉरिकशायर कौंटी यांची प्रशासने वेगळी आहेत, हे ध्यानात ठेवावे. बायवे हा कायद्याने रस्ताच असल्यामुळे परवाना, विमा, नंबरप्लेट आणि लागू असेल तेथे कर व तपासणी हे सर्व आवश्यक आहे. स्कॉटलंडमध्ये हे वर्गीकरण लागू नाही आणि तेथील भटकंतीच्या हक्कात मोटार येत नाही. तंबूबाबतही सावध असावे : डार्टमूरचा अपवाद वगळता इंग्लंडमध्ये जमीनमालकाच्या परवानगीशिवाय उघड्यावर मुक्कामाचा हक्क नाही, आणि डार्टमूरवरचा हक्कही मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानेच टिकला. तो पायी येणाऱ्या तंबूवाल्यांसाठी आहे. गाडीच्या टपावरच्या तंबूला तो लागू होत नाही.